वारसा हवा की जोडणी?

संगणकाची आज्ञावली लिहिताना आधी तयार असलेला भाग पुन्हा वापरण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला ‘इनहेरिटन्स’ म्हणजे वारशाचा, तर दुसरा ‘कंपोझिशन’ म्हणजे जोडणीचा. वरकरणी दोन्हींचे फळ सारखेच दिसते. मात्र निवड चुकली तर तिची किंमत वर्षानुवर्षे मोजावी लागते. जावा या भाषेतील ‘स्टॅक’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वारशाची कल्पना मूळची नॉर्वेतील. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी सिद्ध केलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत ती अवतरली. एका ‘क्लास’पासून दुसरा क्लास निर्माण केला, की मूळ क्लासमधील माहिती आणि कृती नव्या क्लासला आपोआप मिळतात. या दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

परंतु वारशात जमिनीबरोबर कर्जही येते. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलायचे, मधल्या ताटाला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. जावाच्या रचनाकारांनी मात्र स्टॅकला ‘व्हेक्टर’ या क्लासचा वारसदार केले. व्हेक्टर ही क्रमवार यादी असून तिच्यात मध्येच काही घालण्याची वा काढण्याची मुभा असते. ही मुभा स्टॅककडेही आली आणि चळतीचा नियम नावापुरता उरला. १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून हा दोष कायम आहे. तो दूर केल्यास त्यावर विसंबलेल्या जुन्या आज्ञावली बंद पडतील. त्यामुळे स्टॅकऐवजी ‘डेक’ वापरावा, अशी शिफारस जावाच्या अधिकृत माहितीतच करण्यात आली आहे.

जोडणीच्या मार्गाने हे टळले असते. स्टॅकने व्हेक्टरचा वारस होण्याऐवजी एक व्हेक्टर आपल्या पोटात ठेवायचा आणि बाहेरच्यांना ठेवणे, उचलणे व वरचे पाहणे एवढ्याच कृती खुल्या करायच्या.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ (२००१) या पुस्तकात तो दाखवून दिला. संचात किती घटक घातले, हे मोजणारा वारसदार क्लास त्यांनी घेतला. एकदम तीन घटक घातले, तर मोजणी सहा झाली! कारण एकदम घालण्याची मूळ क्लासमधील कृती आतून एकेक घटक घालण्याच्या कृतीलाच बोलावत होती आणि वारसदाराने दोन्हीकडे मोजणी केली होती. म्हणजेच मूळ क्लासच्या आतील व्यवहार ठाऊक असल्याखेरीज वारस सुरक्षित नसतो.

१९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस या चौघांनी ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात वारशापेक्षा जोडणीला पसंती देण्याचा सल्ला दिला होता. २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘रस्ट’ या भाषांत तर क्लासचा वारसा ठेवलेलाच नाही.

अर्थात जोडणी फुकट मिळत नाही. आतील क्लासकडे काम सोपविणाऱ्या कृती स्वतंत्रपणे लिहाव्या लागतात. निवडीची कसोटी मात्र सोपी आहे. मोटार हे वाहन ‘आहे’, तेथे वारसा शोभतो; मोटारीत इंजिन ‘असते’, तेथे जोडणीच हवी. मूळ क्लासचा प्रत्येक गुण वारसाच्या अंगी शोभेल काय, हा प्रश्न आज्ञावली लिहिण्यापूर्वीच विचारलेला बरा.