दीड मिलिग्रॅमचं ऊन

मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. खांबाचीसुद्धा सावली पडत नाही. पाठोपाठ नऊ दिवसांचा नवतपा लागतो. अशा उन्हात माणसं डोकं-तोंड दुपट्ट्यात गुंडाळून, हातमोजे चढवून निघतात, आणि मेडिकलवर थांबून व्हिटॅमिन डीचं पाकीट मागतात. आठवड्याला एक, दुधातून. यात हसण्यासारखं काही नाही. पंचेचाळीस अंशांत अंग उघडं टाकून बसा, असं कोण सांगेल?

पाकिटावर आकडा असतो 60,000 युनिट. घाबरू नका. 40 युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने 60,000 म्हणजे फक्त दीड मिलिग्रॅम, साखरेच्या दोन-तीन दाण्यांएवढं. एक ग्रॅमच्या पाकिटात बाकी सारी भर.

हे दीड मिलिग्रॅमही लगेच कामाला लागत नाही. आधी यकृत, मग मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतं, तेव्हा खरं संप्रेरक तयार होतं: कॅल्सिट्रिऑल. ते रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 40 पिकोग्रॅम असतं. मोठ्या माणसात रक्तद्रव तीनेक लिटर, म्हणजे एकूण 120 नॅनोग्रॅम. आता वर्धा जिल्हा घ्या. 2011च्या जनगणनेत 13,00,774 माणसं. लहानथोर सगळे मोठेच धरले तरी अख्ख्या जिल्ह्याच्या रक्तद्रवातलं कॅल्सिट्रिऑल 0.16 ग्रॅम भरतं. म्हणजे त्या एका पाकिटाच्या वजनाचा सहावा हिस्साही नाही. 140 कोटींच्या देशाचं गोळा केलं तर पावभरसुद्धा होत नाही.

एवढंसं हे द्रव्य पेशीत शिरून आपल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी डीएनएवर हजारो ठिकाणी जाऊन बसते. डीएनएची पोथी 310 कोटी अक्षरांची. सेकंदाला एक अक्षर, न झोपता वाचलं, तर 98 वर्षं लागतील. त्यात प्रथिनांची कृती असलेला मजकूर दीडेक वर्षात संपतो. उरलेल्या शहाण्णव वर्षांच्या वाचनाला शास्त्रज्ञ बराच काळ कचरा म्हणत. 1993 साली व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत त्या 'कचऱ्या'तला 22 अक्षरांचा आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली नक्कल, दाखवला. त्यातून प्रथिन बनत नाही. तो दुसऱ्यांची प्रथिनं बनणं थोपवतो. वाचायला 22 सेकंद. त्याचं नोबेल मिळालं 2024 मध्ये.

कॅल्सिट्रिऑल आणि असले चिमुकले आरएनए यांची गाठ पडते ती कर्करोगाच्या पेशीत. ती जिनिंगवाल्यासारखी वागते. शंभर किलो कापसातून रुई निघते पस्तीसेक किलो, पण जिनिंगवाला सरकी फेकत नाही. तिचं तेल निघतं, ढेप होते. निरोगी पेशी ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळून एटीपी या ऊर्जेच्या नाण्याचे तीसेक रेणू मिळवते. कर्करोगाची पेशी पुष्कळदा दोनच घेते आणि बाकी अर्धवट सोडते, कारण तिला नवी पेशी बांधायला माल हवा असतो. ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाने हे 1920च्या दशकातच पाहिलं होतं. एक सेंटिमीटरच्या गाठीत पेशी असतात शंभर कोटींच्या घरात, आणि एका पेशीचे तीस वेळा दोन झाले की तेवढा आकडा गाठला जातो.

या कारखान्याचा एक मुकादम आहे सी-मिक नावाचं प्रथिन. ते मिर-23 या चिमुकल्या आरएनएला दाबतं आणि पेशी ग्लुटामिन हे दुसरं इंधन जोरात वापरू लागते. कॅल्सिट्रिऑल प्रयोगशाळेत सी-मिकलाच आवरतं. शिवाय ग्लुकोजची आवक रोखणारं टीएक्सएनआयपी हे प्रथिन 1994 साली सापडलं तेच व्हिटॅमिन डी दिलेल्या रक्तकर्करोगाच्या पेशींत. उलटा मारही आहे: मिर-125बी हा आरएनए व्हिटॅमिन डीचं ग्राहक-प्रथिनच कमी करतो. व्हिटॅमिन डी आणि हे आरएनए, दोघांच्या हातात एकमेकांची कुलपं.

बशीतल्या पेशींचं हे असं. माणसांचं काय? अमेरिकेत व्हायटल नावाच्या चाचणीत 25,871 जणांना रोज 2000 युनिट किंवा बिनऔषधी गोळी दिली, पाचएक वर्षं. कर्करोग झाले 793 विरुद्ध 824. हा फरक योगायोगात बसतो. कर्करोगाने मृत्यू 154 विरुद्ध 187. तोही फरक पुराव्याला पुरत नाही. त्यामुळे पाकीट हाडांसाठी, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आठवड्याचं पाकीट रोज फोडलं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडाला बाधतं.

आणि पुलगावकरांनो, पाकीट एका खिशात, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी दुसऱ्यात, हे चालायचं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जिल्ह्याच्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. पुरुषांत तोंडाचा कर्करोग तिथे वरच्या क्रमांकांत आहे. ती पन्नी आधी टाका.