अहवाल येईपर्यंत

जयपूरच्या जवाहरलाल नेहरू मार्गावर भगवान महावीर कॅन्सर हॉस्पिटल आहे. आईला किंवा वडिलांना अशा ठिकाणी फेरतपासणीला नेलं, की स्कॅन एका दिवसात उरकतं. जीव टांगणीला लागतो तो त्यानंतर.

या घालमेलीला इंग्रजीत ‘स्कॅन्झायटी’ म्हणतात. मांडीच्या हाडाच्या कर्करोगातून वाचलेले अमेरिकी लेखक ब्रूस फाइलर यांनी २०११ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात या शब्दावर लिहिलं होतं.

पेट स्कॅनसाठी किरणोत्सारी साखर टोचतात आणि साधारण तासभर थांबवतात. ती जास्त ओढून घेणाऱ्या पेशी चित्रात उजळतात. पण सूज उजळते, भरत आलेली जखमही उजळते! म्हणून डोकं-मानेच्या कर्करोगात किरणोपचारानंतर सहसा १२ आठवडे थांबून हे स्कॅन करतात. तेव्हा मोबाइलवर आलेली पीडीएफ रात्री अकराला उघडून एकेक शब्द गूगलवर शोधणं म्हणजे विकतचं दुखणं. अहवाल कधी मिळेल आणि कोण समजावेल, हे स्कॅनच्या दिवशीच विचारून ठेवावं.

‘काळजी करू नका’ हा सल्ला फुकट मिळतो, उपयोग मात्र शून्य. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती बरी: काळजीसाठी रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. एरवी मनात आलं की ‘संध्याकाळी बघू’. नातेवाइकांच्या फोनना उत्तरं द्यायचं काम एकाच भावंडाकडे सोपवावं.

झोप उडाली, जेवण जाईना, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.