कपाचं अस्तर विचारा

सदर असो की इतवारी, नागपूरच्या टपऱ्यांवर काचेच्या ग्लासाच्या जागी कागदी कप आला आणि प्लास्टिक टळलं असा समज पक्का झाला. पण नुसत्या कागदात चहा टिकत नाही. कप रात्रभर पाण्यात भिजवा, आतला पातळ पापुद्रा सुटून येईल. तो बहुधा पॉलिथिनचा असतो आणि गरम चहा त्यालाच भिडतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंशांचं १०० मिली पाणी १५ मिनिटं ठेवलं, तेव्हा प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरले. टपरीवर एवढा वेळ कोणी कप धरून ठेवत नाही, हा आक्षेप रास्त आहे. कण कमी उतरतील. या कणांनी नेमकी काय इजा होते हेही अजून सिद्ध झालेलं नाही. पण दिवसातून चार-पाच कप पिणाऱ्याने, काचेचा ग्लास सहज मिळत असताना, हा धोका का पत्करावा? राज्य सरकारने जुलै २०२२मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी कपांवरही बंदी आणली, ती कागदोपत्री राहू नये. उकळता चहा पन्नीत बांधून नेणं तर थांबायलाच हवं.

ॲल्युमिनियमच्या भांड्याबद्दल मात्र भीती गरजेपेक्षा जास्त आहे. चहाचं झाड आम्ल मातीतून हा धातू स्वतःच पानांत साठवतं, आणि दुधाचा चहा फारसा आम्ल नसल्याने थोडा वेळ उकळताना भांड्यातून त्यात थोडाच धातू उतरतो. लिंबाचा चहा वेगळा. तो ॲल्युमिनियममध्ये किंवा कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेत नको. कुल्हड साधा भाजलेला असेल तर उत्तम, पण आतून रंगवलेल्या चकचकीत मातीच्या कपात शिसं असू शकतं. मेलामाईनचे कप चिनीमातीसारखे दिसतात, पण ७० अंशांवरच्या पेयासाठी ते नाहीत.

काचेचे ग्लास टपरीवर नीट धुतले जात नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्यावर इलाज धुण्याचा करावा. शेगडी पेटलेलीच असते, उकळत्या पाण्यात ग्लास बुडवणं अवघड नाही. स्टीलचा पेला हाताला पोळतो, असंही म्हणतात. पण ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये काढला. पेला बोटांना सोसेना, तर तो चहा घशालाही थोडा थांबूनच द्यावा.