भयकथेचा स्वतंत्र लेखक : हक्क, हिशेब आणि व्यवसाय

भयकथा, गूढकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा या कथाप्रकारांचा अभ्यास बहुधा वाङ्मयीन अंगाने होतो. भीती कशी निर्माण होते, वातावरण कसे उभे राहते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते की नाही, असे प्रश्न आपण विचारतो. लिहिणाऱ्याचे पोट कशावर चालते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न घेतला आहे. हे कथाप्रकार लिहिणारा, प्रकाशनसंस्थेवर पूर्णपणे अवलंबून नसलेला लेखक कसा जगतो, त्याच्या हातात काय असते आणि काय निसटू शकते, हे येथे पाहायचे आहे.

प्रथम ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. स्वतंत्र लेखक म्हणजे स्वखर्चाने पुस्तक छापणारा हौशी माणूस, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. पुस्तकाचे हक्क स्वतःकडे ठेवणारा आणि त्याबरोबर येणारा आर्थिक धोकाही स्वतः पत्करणारा तो स्वतंत्र लेखक. यांपैकी एकच गोष्ट असेल, तर त्याला स्वतंत्र म्हणता येणार नाही. धोका लेखकाचा आणि हक्क दुसऱ्याचे, अशी स्थिती तर सर्वांत वाईट, आणि ती दुर्मीळ नाही.

पूर्वपीठिका

मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा वाचक मोठा होता, पण त्यातील बराचसा वाचक पुस्तक विकत घेणारा नव्हता. तो सर्क्युलेटिंग लायब्ररीतून दिवसाच्या भाड्यावर पुस्तक नेत असे. एकच प्रत पाठीचे पुठ्ठे सुटेपर्यंत फिरे. लेखकाला मानधन मिळे ते विकल्या गेलेल्या प्रतीचे. त्या प्रतीच्या दोनशे वाचनांचे नाही. लोकप्रियता आणि उत्पन्न यांतली ही फट सर्वच लोकप्रिय कथाप्रकारांत दिसते. बाबुराव अर्नाळकरांसारख्या रहस्यकथाकाराने हजाराच्या घरात कथा लिहिल्या, त्याचे एक कारण या व्यवस्थेतच आहे: प्रत्येक पुस्तकामागे थोडेच मिळत असेल, तर पुस्तकेच पुष्कळ लिहावी लागतात.

दुसरा आधार दिवाळी अंकांचा. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी गूढ आणि रहस्य कथांना हक्काची जागा दिली. पण दिवाळी वर्षातून एकदाच येते.

म्हणून बहुतेकांनी नोकरी धरून ठेवली. रत्नाकर मतकरी १९७८ पर्यंत बँक ऑफ इंडियात होते. हिंदीतील सुरेंद्र मोहन पाठक यांनी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधील नोकरी सांभाळून शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) लिहिणारे ब्रॅम स्टोकर लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते, तर ‘कॅरी’ (१९७४) प्रसिद्ध होण्यापूर्वी स्टीफन किंग शाळेत शिकवत होते. नोकरी करणारा लेखक हा अर्धा लेखक, असे मानणे चूक आहे. उलट पगार असलेल्या लेखकाला वाईट करार नाकारता येतो, आणि तेवढे स्वातंत्र्य पूर्णवेळ लेखकालाही नेहमी परवडत नाही.

नाव कोणाचे?

उत्तर भारतातील पॉकेट बुक व्यवसायाने या प्रश्नाचे एक कठोर उत्तर दिले होते. तेथे अनेकदा मुखपृष्ठावरचे नाव कोणा एका माणसाचे नसे. ते प्रकाशकाच्या मालकीचे असे, आणि त्या नावाखाली वेगवेगळे लेखक लिहीत. लेखक सोडून गेला तरी नाव विकत राही. मेरठचे वेदप्रकाश शर्मा यांच्या आरंभीच्या काही कादंबऱ्याही त्यांच्या नावाने छापल्या गेल्या नाहीत. पुढे त्यांनी तुलसी पॉकेट बुक्स ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि ‘वर्दी वाला गुंडा’सारखी प्रचंड खपाची कादंबरी तिथून आणली. ‘स्वतंत्र लेखक’ हा शब्द रूढ होण्याच्या फार आधी त्यांनी लेखक आणि प्रकाशक या दोन्ही भूमिका एका हातात आणल्या होत्या. स्वप्रकाशन हे संगणकाबरोबर आले, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कायदा काय म्हणतो

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. स्वतंत्रपणे लिहिलेल्या कथेचा पहिला मालक लेखकच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. प्रताधिकार दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही म्हटले नसल्यास ते संपतात. या तरतुदी कलम १९ मध्ये आहेत. त्या लेखकाच्या बाजूच्या आहेत, पण करारात एक ओळ घालून त्यांतील बहुतेक निष्प्रभ करता येतात. ‘सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व काळासाठी’ ही ती ओळ. तिच्यावर सही करण्यापूर्वी थांबावे.

२०१२ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची भर घातली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिले गेले असे धरता येत नाही. ध्वनिपुस्तके, भ्रमणध्वनीवरच्या मालिका, वेब सिरीज यांच्या काळात भयकथेला याचा फायदा अधिक, कारण हा कथाप्रकार ऐकायला आणि पाहायला सोपा जातो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, अभिव्यक्तीला देतो; आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. ओसाड वाडा, परतणारा मृतात्मा, शापित धन ही कोणाचीच मालमत्ता नव्हे. परंतु पात्रे, घटनाक्रम, प्रसंग उचलले की ते रूपांतर होते, आणि रूपांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच. धारपांच्या ‘लुचाई’वर किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा ठसा वाचकांनी केव्हाच ओळखला आहे. त्या काळी मराठीत ‘आधारित’ लेखन सर्रास चाले. आज स्वतंत्र लेखक ई-पुस्तक जगभरच्या दुकानात ठेवतो, तेव्हा सर्व हक्क आपल्याकडे असल्याचे त्यालाच घोषित करावे लागते. त्याच्या मागे प्रकाशक उभा नसतो.

हिशेब

आता एक काल्पनिक पण वास्तवाजवळचा हिशेब करू. समजा, पुस्तकाची किंमत २५० रुपये, प्रती ३००. छपाई प्रतीमागे ९० रुपये, म्हणजे २७,०००. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ मिळून २५,०००. एकूण खर्च ५२,००० रुपये.

सर्व प्रती विक्रेत्यांमार्फत ४० टक्के सवलतीने गेल्या, तर प्रतीमागे १५० रुपये म्हणजे ४५,००० येतात. पुस्तक पूर्ण संपूनही ७,००० रुपये तोटा. सर्व प्रती स्वतः विकल्या आणि टपालाला ४० रुपये गेले, तर ६३,००० येतात आणि ११,००० उरतात. खर्च भरून निघायला किमान ११७ प्रती थेट विकाव्या लागतील. याच पुस्तकाला पारंपरिक प्रकाशकाने १० टक्के मानधन दिले असते, तर ३०० प्रतींवर ७,५०० रुपये मिळाले असते, धोक्याशिवाय आणि पार्सले न बांधता.

मग स्वतंत्र का व्हावे? उत्तर दुसऱ्या आवृत्तीत आहे. संपादन-मुखपृष्ठाचा खर्च पुन्हा होत नाही. त्यामुळे विक्रेत्यांमार्फतही प्रतीमागे ६० रुपये सुटतात. शिवाय कथाप्रकारांचा वाचक एका पुस्तकावर थांबत नाही. समर्थ या धारपांच्या नायकाची एक कथा आवडली की वाचक बाकीच्या शोधतो. तिसरे पुस्तक आले की पहिले पुन्हा विकले जाते. एका पुस्तकाच्या हिशेबावर हा व्यवसाय तोलणे म्हणजे आंब्याचे कलम पहिल्याच वर्षी तोलण्यासारखे आहे.

ई-पुस्तकात छपाई नसते. ॲमेझॉनच्या किंडल सेवेत मानधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर पुस्तक एकावेळी ९० दिवस केवळ तिथेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. त्या योजनेत वर्गणीदारांनी वाचलेल्या पानांनुसारही पैसे मिळतात. लायब्ररीतल्या फिरत्या प्रतीचे जुने गाऱ्हाणे येथे काही अंशी फिटते, मात्र दुकान एकच ठेवावे लागते.

पुस्तक ‘काढून देण्याचे’ पॅकेज विकणाऱ्यांबाबत एवढेच सांगतो की आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि त्या क्रमांकाने प्रताधिकार सिद्ध होत नाही. आपणच प्रकाशक असल्यास १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवणे ही आपलीच जबाबदारी असते.

क्रमशः लेखन

स्टीफन किंग यांनी २००० मध्ये ‘द प्लांट’ ही कादंबरी आरंभी एकेका डॉलरला भागशः स्वतः प्रसिद्ध केली. किमान ७५ टक्के वाचकांनी पैसे भरले तरच पुढे लिहीन, अशी अट होती. सहा भागांनंतर ती थांबली आणि अपूर्णच राहिली. इतका प्रसिद्ध लेखकही केवळ वाचकाच्या प्रामाणिकपणावर मालिका टिकवू शकला नाही. आजच्या प्रतिलिपीसारख्या मंचांवर क्रमशः कथा भरपूर आहेत, पण तिथे पैसे गोळा करणारी यंत्रणा मंचाची असते, आणि नियम बदलण्याचा अधिकारही.

क्रमशः लेखनाचा परिणाम कथेवर होतो. दर भागाच्या शेवटी दचकवावे लागते. माझ्या मते भयकथेचे याने नुकसान होते. भीतीला शांततेचे अंतर लागते, आणि साठाव्या भागात दार करकरले तर कोणी मान वर करत नाही. रहस्यकथेला हा साचा अधिक मानवतो.

एक तांत्रिक बाब. अनेकांचे जुने लेखन युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकले आहे. रूपांतर करताना रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. श्वास रोखून धरण्याच्या क्षणी अशी चूक आली की वाचक हसतो. मुद्रितशोधनाचा खर्च वाचवू नये.

वारसा

जर्मनीत १९२२ मध्ये ‘नोस्फेरातू’ हा चित्रपट ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीशिवाय बनला. स्टोकर तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला; काही प्रती तरीही वाचल्या. भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ती मुदत पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. धारप २००८ मध्ये गेले. त्यांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला. धारपांच्या लेखनाचा प्रताधिकार २०६८ च्या अखेरीपर्यंत चालेल. म्हणून कोणत्या कथेचे कोणते हक्क कोणाला, किती काळासाठी दिले, याची वही लेखकाने पहिल्या कथेपासून ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरच्यांना सांगून ठेवावे.