डबऱ्याची मोहरी आणि उ नागाहारूंचा त्रिकोण

ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याहून एका वाचकांनी विचारलं आहे, 'भात निघाल्यावर मोहरीऐवजी कॅनोला पेरला तर?'

पेच भातापासूनच सुरू होतो. शेजारच्या मुरैना-भिंडमध्ये बाजरी काढून ऑक्टोबरात मोहरी पेरता येते. डबऱ्यात भाताचं शेत मोकळं होईतो नोव्हेंबर लागतो. हा उशीर मोहरीला भोवतो. थंडीत रोप वाढत नाही आणि फेब्रुवारीत दिवस मोठा होऊन ऊन तापलं की पुरेशा फांद्या फुटायच्या आतच ते फुलावर येतं. शेंगा कमी धरतात, दाणा भरताना मार्चचं ऊन गाठतं, तेलही कमी उतरतं. त्यात जानेवारी-फेब्रुवारीचा मावा! ऑक्टोबरच्या पिकाच्या शेंगा तोवर निबर होऊ लागलेल्या असतात. उशिराचं पीक नेमकं फुलोऱ्यात सापडतं.

आता कॅनोला. तेलात कमी इरुसिक आम्ल आणि पेंडीत कमी ग्लुकोसिनोलेट असलेलं पहिलं वाण, 'टॉवर', बाल्डर स्टेफॅन्सन यांनी १९७४ साली कॅनडात दिलं. पण ते ब्रासिका नापस. आपली मोहरी ब्रासिका जुन्सिया. हे नातं ज्यांनी उलगडलं ते उ नागाहारू मला फार प्रिय आहेत. वडील कोरियन, आई जपानी. १९३५ मध्ये त्यांनी सलगम, काळी मोहरी आणि कोबी या तीन मूळ जातींचा त्रिकोण मांडला: १८ गुणसूत्रजोड्यांची मोहरी म्हणजे १० जोड्यांचं सलगम आणि ८ जोड्यांची काळी मोहरी यांचा संकर. नापसमध्ये सलगम तेच, जोडीला ९ जोड्यांची कोबी. आणि या दोघांच्या संकरातून त्यांनी नापस प्रत्यक्ष घडवूनही दाखवली! १९५० मध्ये ते कोरियाला गेले आणि तिथल्या कोबी-मुळ्याच्या बियाण्याची घडी बसवली. तरी कोरियात त्यांचं नाव कित्येक वर्षं बिनबियांच्या कलिंगडाशी जोडलं गेलं, जे मुळात हितोशी किहारांचं. त्रिकोणाला मिळायला हवं होतं ते कौतुक कलिंगडाला मिळालं, याची मला अजून हळहळ वाटते.

नापसची कॅनोला वाणं पंजाबात 'गोभी सरसों' म्हणून होतात, पण त्यांना पाचएक महिने लागतात. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलं तर एप्रिल उजाडेल. मोहरीतच कॅनोलाचे गुण आणलेलं 'पुसा डबल झिरो मस्टर्ड ३१' दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये दिलं. तेही वेळेवरच्या पेरणीचं. उशिरासाठी त्यांचं 'पुसा मस्टर्ड २६' आहे, सुमारे १२६ दिवसांचं, पण ते कॅनोला नव्हे. नव्या वाणाच्या जाहिरातीत उत्पन्नाचा आकडा मोठा असतो, पेरणीची तारीख मात्र दिसत नाही. ती आधी विचारा.

डबऱ्यासाठी माझं उत्तर असं: कॅनोला हवाच असेल तर आधी कमी दिवसांचा भात लावा, म्हणजे ऑक्टोबर हाती येईल. ते जमत नसेल तर मुरैनाच्या कृषी संशोधन केंद्रात उशिरा पेरायचं मोहरीचं वाण विचारा, नाहीतर गहू आहेच.