हिरड्यांचा कैवार

दात घासणे आणि भांडी घासणे या दोन निरनिराळ्या कर्मांना आपल्या भाषेने एकच क्रियापद बहाल केले आहे, आणि ज्या काळी चुलीतली राख पितळेच्या तपेल्यालाही पुरत असे व घरच्या माणसांच्या दातांनाही, त्या काळी या एकत्वात कोणास काही वावगे वाटले नाही. राखुंडी गेली, मिसरीचा डबा पुष्कळ घरांतून हद्दपार झाला, मऊ नायलॉनचे ब्रश आले. परंतु हाताचा जोर मात्र तपेले घासण्याचाच राहिला. नवा ब्रश आणून महिना लोटत नाही तोच त्याचे केस तुडवलेल्या गवतासारखे चहूबाजूंस पसरलेले ज्या घरी दिसतात, तेथे हिरड्यांची फिर्याद दाखल झालीच आहे असे खुशाल समजावे.

ही फिर्याद दोन तऱ्हांची असते. पहिली रक्ताची. ब्रश लागताच रक्त दिसू लागले की मनुष्य तेवढा भाग घासण्याचेच टाळतो. वस्तुतः ते रक्त बहुधा दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे, म्हणजे प्लाकमुळे, उत्पन्न झालेल्या दाहाचे असते, आणि थर तसाच राहिला की दाह बळावतो. दुसरी फिर्याद थंड पाण्याच्या घोटाबरोबर उठणाऱ्या कळेची. आडव्या, जोरकस घासण्याने हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते, आणि मुळावर एनॅमलचे कवच नसल्यामुळे गारवा थेट आतपर्यंत झोंबतो. शिवाय एकदा मागे सरलेली हिरडी आपण होऊन पूर्वस्थळी येत नाही. तात्पर्य, थर तर निघाला पाहिजे आणि हिरडीला धक्का तर लागता कामा नये, असा हा पेच आहे.

तो सोडविण्यासाठी विजेचा ब्रश घ्यावा काय? या यंत्राचा उगमच मुळी हाताच्या असमर्थतेत आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९५४ साली डॉ. फिलिप-गी वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ सिद्ध केला, तो ज्यांच्या हातांस हालचालींवर पुरता ताबा नाही अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा बसविलेल्यांसाठी. पुढे त्याची दोन घराणी झाली: गोल डोके उलटसुलट गरगर फिरविणारे एक, आणि लांबट डोके मिनिटाला हजारो वेळा थरथरविणारे ‘सोनिक’ हे दुसरे. २०१४ साली कॉक्रेन संस्थेने ५६ चाचण्यांचा परामर्श घेऊन प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने प्लाक २१ टक्के व हिरड्यांचा दाह ११ टक्के अधिक घटला. लाभ आहे, पण चमत्कार नव्हे. ज्याचा हात हलका आहे त्याचे मऊ साध्या ब्रशावरही उत्तम भागते.

खरेदीच्या वेळी म्हणूनच यंत्राच्या जोराची नव्हे, तर त्याच्या आवरतेपणाची चौकशी करावी. हात जड होताच लाल दिवा लावणारा अथवा गती मंद करणारा दाबाचा सेन्सर, ही पहिली अट; ती पुरी होत नसेल तर बाकीची कलमे वाचूच नयेत. त्यानंतर टोके गोलावलेले मऊ केस, दाढेच्या पाठीमागे शिरेल असे लहान डोके, सौम्य गती आणि दोन मिनिटांचा टायमर. डोके दर तीन महिन्यांनी बदलावयाचे असल्यामुळे त्याची किंमत आणि गावात ते मिळते किंवा कसे, याचा जमाखर्च आधीच मांडावा. मोबाईलशी जोडणी आणि पाच-सहा प्रकारच्या गती यांवाचून हिरड्यांचे काही अडत नाही.

घरी आणल्यावर एक गंमत करून पाहावी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो ब्रश आपण रोज दाबतो तितक्याच जोराने दाबावा. साधारण १५० ग्रॅमचा दाब पुरेसा समजला जातो, आणि काट्यावरचा आकडा पाहून भल्याभल्यांचे डोळे उघडतात. मग मूठ सोडून बोटांच्या टोकांनी ब्रश धरावा, केस हिरडीच्या कडेशी तिरके टेकवावेत, आणि एका दातावर क्षणभर थांबून पुढच्या दातावर जावे. हात मागेपुढे चालविण्याची दरकार नाही. ते काम यंत्राने पत्करलेले आहे. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबले नाही, तर मात्र दंतवैद्य गाठावा, कारण दातांवर धरलेले कीटण कोणत्याही ब्रशाने निघत नाही.

जन्मभर घासण्याची सवय लागलेल्या हाताला हे नुसते टेकवून थांबणे पहिले काही दिवस आळसाचे वाटते. तीन महिन्यांनी डोके बदलताना जुन्याचे केस बहुतांशी सरळ उभे दिसले, म्हणजे फिर्यादीचा निकाल हिरड्यांच्या बाजूने लागला असे समजावे.