‘कशावरून?’ एवढं विचारा!

नऊ महिने उभी असलेली गाडी सुरू होईना. गॅरेजवाला म्हणाला, ४२ हजार लागतील. मी ‘हो’ म्हणणारच होते, पण घरी बसलेल्या पप्पांनी एकच प्रश्न विचारला आणि सगळं फिरलं.

मार्चमध्ये पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात-पाय आणि बोलणं यांना वेळ लागणार होता. मी पुण्यात नोकरीला, आईला गाडी येत नाही. त्यामुळे आमची २०१६ सालची पेट्रोल गाडी तासगावच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी राहिली. चुलतभाऊ अधूनमधून येऊन पाच मिनिटं इंजिन चालू करायचा. दिवाळीनंतर तेही राहून गेलं.

पप्पांना दर पंधरा दिवसांनी मिरजेला तपासणीला न्यावं लागतं. भाड्याची गाडी एका फेरीला अठराशे घेते. डिसेंबरात मी महिनाभर घरून काम मागून घेतलं आणि ठरवलं, आता आपली गाडी आपण चालवायची. पहाटे कव्हर काढलं, चावी फिरवली.

टकटकटकटक. बस्स.

‘काय ते बघा आणि करा’

मी जे केलं ते बहुतेक जण करतात. ओळखीतून एका गॅरेजचा नंबर मिळवला आणि फोनवर सांगितलं, “गाडी नऊ महिने बंद आहे, सुरू होत नाहीये. काय असेल ते बघा आणि करा. लवकर पाहिजे.”

आता कळतं, या एका वाक्यात मी तीन चुका केल्या होत्या. गाडी नेमकी काय करतेय ते सांगितलं नाही. खर्चाची मर्यादा सांगितली नाही. आणि घाईत आहे हे मात्र सांगून टाकलं.

गॅरेजची माणसं आली. मागचं चाक हँडब्रेकला चिकटलं होतं, ते ठोकून सोडवलं, टोचन करून गाडी नेली. टोचनचे बाराशे. संध्याकाळी फोन आला, “ताई, येऊन जा. काम मोठं आहे.”

गेले तर स्कॅनर लावलेला. स्क्रीनवर सात एरर. गॅरेजवाला एकेक वाचून दाखवत होता. “ईसीएम गेलाय. फ्यूएल पंप गेलाय. उंदरांनी वायरिंग खाल्लंय, सगळं बदलावं लागेल. ४२ हजार धरा.” मी गप्पच. मग तो म्हणाला, “जुनी गाडी आहे, कशाला एवढा खर्च करताय? साठ हजारांत द्या मला, उद्या पैसे देतो.”

मी विचारलं, “एस्टिमेट लिहून द्याल का?”

“एवढा पण विश्वास नाही का, ताई? घरी कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना पाठवा, त्यांना समजावतो.”

घरी मोठं माणूस होतं. ते खुर्चीत बसून होतं आणि त्याला एक वाक्य बोलायला अर्धा मिनिट लागत होता. खरं सांगते, त्या क्षणी मला गाडीपेक्षा स्वतःचाच राग आला. मी इंजिनिअर. रोज ऑफिसात दहा जणांना प्रश्न विचारते. इथं मात्र ‘आपल्याला काही कळत नाही हे याला कळू नये’ एवढ्याचसाठी मान डोलावत उभी होते. “उद्या सांगते,” म्हणून निघाले. ‘हो’ तोंडातून निघालं नाही, एवढंच नशीब.

पप्पांचा प्रश्न

रात्री जेवताना आईला सगळं सांगत होते. आई म्हणाली, “देऊन टाकू या, कटकट जाईल.” पप्पा ऐकत होते. थांबत थांबत म्हणाले, “सेल्फ मारल्यावर... आवाज कसा?”

मी तोंडानं टकटक करून दाखवलं.

“बॅटरी,” पप्पा म्हणाले. मग जरा वेळानं, “मीटर लावला का त्यानं?”

मला माहीतच नव्हतं. बॅटरीला मीटर लावायचा असतो, हेच मला तेव्हा कळलं. सकाळी जाऊन विचारलं. गॅरेजवाला म्हणाला, “मीटरची काय गरज? स्कॅनर सांगतोय ना सगळं.”

“पण ईसीएमच गेलाय, हे कशावरून?”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आवाज मात्र चढला. मी तपासणीचे आठशे रुपये दिले, बिल घेतलं आणि गाडी तिथून काढली.

दहा मिनिटांची तपासणी

दुसरे मिस्त्री वयस्कर. त्यांना मी फोनवर वेगळं सांगितलं, “मामा, गाडी नऊ महिने उभी होती. चावी फिरवली की टकटक आवाज येतो, इंजिन फिरत नाही. दिवे मंद लागतात. आधी तपासा, तपासणीचे काय ते घ्या. मला विचारल्याशिवाय काही बदलू नका.”

मामांनी पहिल्यांदा बॅटरीला मीटर लावला. १०.९ व्होल्ट. गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामीच समजायची. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी पाहिलं तर १२.३ दिसले. मी खूश. मामा म्हणाले, “थांबा.” त्यांनी मला मीटरकडे बघायला सांगून सेल्फ मारला. आकडा धाडकन ७ वर आला. सेल्फ मारताना तो साधारण साडेनऊच्या खाली यायला नको. म्हणजे बॅटरी नुसती उतरलेली नव्हती, ती संपलेली होती. माझ्यासमोर दाखवून, आकड्यानं.

मग त्यांनी स्वतःकडची एक चांगली बॅटरी लावून पाहिली. तिसऱ्या प्रयत्नात गाडी खोकत खोकत सुरू झाली. ईसीएम ठीक, पंप ठीक.

आणि ते सात एरर? मामांनी सगळे पुसून टाकले आणि गाडी एक फेरी मारून आणली. सातातला एकच परत आला. एका सेन्सरची वायर उंदरानं खरंच कुरतडली होती. तेवढीच जोडून, टेप लावून दिली. बाकीचे सहा कुठून आले होते? बॅटरी मेलेली असली की गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला पुरेसा दाब मिळत नाही आणि ती भलतेसलते एरर नोंदवते. म्हणून आधी बॅटरी ठीक करायची, मग एरर पुसायचे आणि परत येतील तेवढेच खरे मानायचे. एरर म्हणजे तापाचा आकडा. ताप आहे हे तो सांगतो, कशानं आला ते शोधावं लागतं.

बिल झालं असं : नवी बॅटरी, जुनी परत देऊन, ४,६००. ऑइल आणि फिल्टर २,४००. तपासणी, टोचन, वायरिंग, मजुरी मिळून १,५००. एकूण ८,५००. कुठे ४२ हजार आणि कुठे हे!

पहिला गॅरेजवाला चोर होता का? मला नाही माहीत. कदाचित त्याला स्कॅनरवर खरंच विश्वास असेल. पण साठ हजारांत गाडी मागताना त्यानं साधा मीटर लावला नव्हता, हे मात्र खरं.

उभी गाडी बॅटरी खाते कशी?

गाडी बंद असली तरी घड्याळ, लॉक, इमोबिलायझर, ईसीएमची मेमरी हे सगळं थोडा थोडा करंट ओढत असतं. समजा तो ३० मिलीअँपिअर आहे. दिवसाला होतात ०.७२ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबानं सात आठवड्यांत पूर्ण रिकामी. सेल्फ फिरवायची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. शिवाय उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर जमतो, मग ती धड चार्जही होत नाही.

आणि ‘आठवड्याला पाच मिनिटं चालू करायची’ हा घरोघरचा उपाय? सेल्फ मारताना गेलेला चार्ज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवून नीट भरून येत नाही. अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवा, नाहीतर सरळ बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना पुरतो. आता हे काम आमची आई करते.

तपासणीचे पैसे द्या की!

मामांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. ते म्हणाले, “लोक तपासायचे दोनशे रुपये द्यायला कुरकुर करतात. मग गॅरेजवाला काय करणार? पार्ट बदलणार. पार्टाचे पैसे कुणी नाही म्हणत नाही.”

खरंय. डॉक्टरला आपण तपासणी फी देतो, गॅरेजमध्ये मात्र ‘नुसतं बघितलं तर पैसे कसले?’ म्हणतो. मग शोधण्यापेक्षा बदलणं सोपं होतं आणि त्याचं बिल आपल्याच नावावर फाटतं. म्हणून तपासणी वेगळी, दुरुस्ती वेगळी. पहिल्याचे पैसे आनंदानं द्या, दुसऱ्याचा निर्णय स्वतः घ्या.

हा निर्णय लिहून घेण्याला कायद्याचंही कारण आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, तुमच्या सांगण्यावरून गॅरेजवाल्यानं गाडीवर ठरलेलं काम केलं, तर त्याची मजुरी मिळेपर्यंत तो गाडी ठेवून घेऊ शकतो. मग ‘मी एवढं करायला सांगितलंच नव्हतं’ हे सिद्ध कशानं करणार? व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेजसुद्धा कामी येतो : ‘फक्त तपासणी करा. विचारल्याशिवाय काम करू नका.’

तरी फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. गाडी दुरुस्ती ही सेवा आहे आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पण हातात बिल हवं. ‘बिल कशाला, तेवढे पैसे कमी करतो’ या वाक्याला भुलू नका.

मागच्या गुरुवारी पप्पांना घेऊन मिरजेला गेलो. मी चालवत होते, पप्पा शेजारी. निघताना मी सेल्फ मारला तेव्हा त्यांनी डोळे मिटून कान दिला. गाडी पहिल्या झटक्यात उठली. पप्पा काही बोलले नाहीत, डावा हात वर करून ‘चल’ अशी खूण केली.

गॅरेजला फोन करण्याआधी

* आवाज ऐका. भराभर टकटक आला तर बहुधा बॅटरी उतरलीय. एकच मोठा ‘टक्’ येऊन गप्प झाली तर स्टार्टर किंवा सैल टर्मिनल. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर पेट्रोल, स्पार्क किंवा चावीचा इमोबिलायझर. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर बॅटरी पूर्ण संपलीय किंवा टर्मिनल सुटलंय. आवाजाचा व्हिडिओ करून मिस्त्रींना पाठवा.
* बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते का? उंदराच्या लेंड्या, कुरतडलेल्या वायरी? फोटो काढा. गाडी गॅरेजला जाण्याआधीची अवस्था तुमच्याकडे राहते.
* बॅटरीचं वय बघा. वॉरंटी कार्ड शोधा. ठरावीक महिन्यांपर्यंत बॅटरी फुकट बदलून मिळते, त्यानंतर काही काळ किमतीत सूट मिळते.
* कागद बघा. गाडी उभी असताना विमा आणि पीयूसीची मुदत संपलेली असू शकते. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. विमा चालू असेल तर त्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का तेही पाहा, टोचनचे पैसे वाचतील.
* जंपर केबल लावताना क्रम पाळा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलटा क्रम.
* धक्का मारण्याआधी विचार करा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीत पंपच चालत नाही, मग नुसतीच दमछाक.
* हे चार प्रश्न विचारा. हे कशावरून? मला दाखवाल का? हे केल्यावर गाडी सुरू झाली नाही तर? काढलेला जुना पार्ट परत द्याल ना?
* गाडी पुन्हा उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, टायरमध्ये हवा भरा आणि निगेटिव्ह वायर काढा.